फाटकावरची गरम हवा

सुरतेतला मे महिना, भर दुपार, रेल्वेचं फाटक बंद. फाटकाशी एका पांढऱ्या गाडीत एक बाई चारी काचा वर चढवून बसली आहे. कपाळावरचं कुंकू ओघळत नाकापर्यंत आलंय, पोलकं पाठीला चिकटलंय, आणि तरी शेजारच्या रिक्षातल्या बायकांकडे बघून ती थंडी वाजल्यासारखं हसते आहे. ही बाई म्हणजे मी. वय चाळिशीच्या आसपास, अक्कल त्या मानाने बरीच लहान.

नव्वदच्या दशकातली गोष्ट आहे. आम्ही नवागामला राहायचो, आणि शहरात कुठेही जायचं तर मध्ये रेल्वेचे रूळ. फाटक पडलं की पडलं. मालगाडी गेली की वाटायचं, आता उघडेल. तेवढ्यात उलट्या बाजूने दुसरी यायची. माणसं सायकलवरून उतरून बिड्या पेटवायची, ट्रक धूर सोडत उभे राहायचे, आणि ऊन असं पडायचं की गाडीच्या टपावर पापड भाजून निघाला असता. त्या फाटकावर मी आयुष्याचा किती भाग बसून काढला, ते मोजायचं धाडस मला अजून झालेलं नाही.

काचा वर ठेवण्याला खरं कारण होतं. आमच्या ह्यांची छाती. बमरोलीच्या मिलमध्ये पोरवयात कामाला लागले, पुढे नवागाममध्ये भाड्याच्या शेडात स्वतःचे यंत्रमाग, म्हणजे लूम, टाकले. लूम चालतं तेव्हा सुताचे बारीक तंतू उडतात. आम्ही त्याला रुई म्हणायचो. ती डाळीत पडते, पापणीवर बसते, देवाच्या फोटोला चिकटते. तिचं आम्हाला काही वाटायचं नाही. पण ह्यांच्या छातीत ती कायमची मुक्कामाला आली. चार पावलं चालले की आतून शिट्टी वाजायची. शेड मग धाकट्या दिरांनी सांभाळायला घेतलं आणि हे खाटेवर बसून नुसता लूमचा आवाज ऐकू लागले. कोणतं लूम बंद पडलं, ते त्यांना भिंतीपलीकडून कळायचं.

दर आठवड्याला त्यांना शहरातल्या दवाखान्यात न्यायचं, तिथे मशीनवर छातीला वाफ द्यायची. डॉक्टरांनी पहिल्याच दिवशी बजावलं होतं, "रिक्षातून आणू नका. धूळ, धूर आणि ऊन, तिन्ही बंद." म्हणून ती पांढरी गाडी घेतली. दुसऱ्याने वापरलेली, पण एसीवाली. गाडीचं नाव सांगत नाही. बिचारीचा काही दोष नव्हता.

काचा वर ठेवण्याचं दुसरं कारण सांगायला लाज वाटायला हवी, पण या वयात ती सोय राहिलेली नाही. गाडी आली तेव्हा हिवाळा होता. एसी कोणी लावूनही पाहिला नव्हता. तरी मी गल्लीत सांगून बसले होते की आत बसलं की शाल घ्यावी लागते. समोरच्या घरातल्या बाईला तर मी ती शालही दाखवली होती. आता तीच बाई फाटकावर रिक्षात बसून माझ्याकडे टक लावून बघत असेल, तर काच खाली कशी करणार? मी घाम गाळला, पण शालीची अब्रू राखली.

तर गाडीचा रोग असा. चालती असली की एसी उत्तम. गार हवा तोंडावर यायची, हे डोळे मिटून मागे टेकायचे. उभी राहिली की थोड्या वेळात हवा कोमट, मग गरम, मग कोणी तोंडाजवळ तोंड आणून श्वास सोडावा तशी. पुन्हा चालू लागली की पुन्हा गार. पाहुण्यांसमोर गोड आणि घरच्यांशी फणकाऱ्याने वागणाऱ्या बायका असतात, तसला प्रकार. माझ्या सासरी एक दोन होत्या, त्यामुळे मला स्वभाव लगेच ओळखू आला. इलाज मात्र ओळखू येईना.

एका खेपेला फाटक फार वेळ पडून राहिलं. आत भट्टी झाली. ह्यांनी शर्टाची बटणं काढली, मग माझा हात धरला, मग ओठ निळसर दिसू लागले. काच खाली केली तर ट्रकचा काळा धूर थेट आत. पुन्हा वर केली. दीर स्टिअरिंगवर बसून नुसते फाटकवाल्याच्या नावाने बोंबलत होते. दवाखान्यात पोचलो तेव्हा ह्यांना उचलूनच न्यावं लागलं.

डॉक्टर रागावले. "इथे येण्यातच यांचा जीव जाणार असेल तर काय उपयोग? गावी घेऊन जा. मोकळ्या हवेत राहू देत. सुरत यांना सोसणार नाही आता."

परतताना ह्यांनी आधी दम खाल्ला. मग म्हणाले, "गावाला काय आहे गं? घराला कुलूप, आणि भाऊबंदांची तोंडं." पुन्हा दम खाल्ला. "लूम वाजत नसलं की मला झोप येत नाही. तिकडे नको टाकू मला."

"कोण टाकतंय तुम्हाला," मी म्हणाले. "एसी नीट करू आधी."

बोलून तर गेले. त्या दिवसापासून मला दुसरं काही सुचत नव्हतं. लाटणं हातात असलं तरी डोक्यात एसी. हा माणूस स्वतःच्या घरात राहणार की नाही, ते त्या गाडीच्या नाकपुड्यांतून येणाऱ्या वाऱ्यावर येऊन ठेपलं होतं, आणि मला त्यातलं ओ का ठो कळत नव्हतं.

दीर आणि मी गाडी घेऊन एका एसीवाल्याकडे गेलो. तो भला माणूस होता. आम्हाला मागे बसवून त्याने गाडी थेट हायवेला घातली आणि जोरात पळवली. गार गार हवा. "जुओ बेन, बरफ!" तो म्हणाला. मी मान डोलावली. परत येऊन गॅरेजच्या दारात त्याने गाडी बंद केली, आणि आम्ही खुशीत घरी निघालो. फाटकावर थांबलो. गरम.

दुसऱ्यांदा गेलो. त्याने गॅस तपासला, थोडा भरला, पुन्हा हायवे. पुन्हा बरफ. गाडी मुळात उभी राहिल्यावर बिघडते, हे मी घरून घोकत गेले होते. पण ती गार हवा तोंडावर आली की माझं डोकंच बंद पडायचं. हायवेवर मी इतकी सुखात असायचे की तक्रार करायला आलोय हेच विसरायचे. तिसऱ्या खेपेला मात्र दारातच म्हटलं, "पळवू नका. उभी ठेवा आणि एसी लावा."

त्याने लावला. हवा गरम झाली. त्याने हाताने चाचपून पाहिलं आणि शांतपणे म्हणाला, "ऊभी गाडीमां तो एवुं ज होय, बेन. चालती गाडीनो एसी छे." म्हणजे उभ्या गाडीत असंच व्हायचं, हा एसी चालत्या गाडीचा.

दिरांनाही ते पटलं. "लूम बंद असल्यावर कापड पडतं का, वहिनी? तसंच हाई हे."

"अहो भाऊजी, पण पहिल्या मालकाने ही गाडी काय सतत पळवतच ठेवली होती का?"

"तुम्हले काय समजस त्यामा?" ते म्हणाले. घरात आमची अहिराणीच चालायची. इथे लिहिताना मी ती बरीचशी धुऊन घेतली आहे, पण हे वाक्य धुण्यासारखं नाही. मला त्यातलं काय कळतं, असं ते विचारत होते, आणि खरं सांगायचं तर काहीच कळत नव्हतं. दिरांना मात्र सगळं कळायचं. गल्लीतल्या कोणाचीही मोटर बंद पडली की हातात पक्कड घेऊन तेच धावायचे. उन्हाळा लागल्यावर पहिल्यांदा एसी लावला आणि लगेच त्याचा पंखा घरघरू लागला होता, तेव्हा मेकॅनिककडे न नेता दिरांनीच नवा आणून बसवला होता. इंजिनाचा पंखा वेगळा, हा वेगळा. हा अगदी पुढे, नाकाच्या जाळीमागे. बसवून झाल्यावर त्यांनी आम्हा सगळ्यांना बोलावून दाखवला होता. "बघा. फिरी ऱ्हायना ना?" म्हणजे, फिरतोय ना? फिरत होता. आम्ही टाळ्या वाजवल्या होत्या. ह्यांनीसुद्धा.

पुढच्या खेपेला फाटकावर ह्यांची शिट्टी पुन्हा वाजू लागली. माझ्या मांडीवर पिण्याच्या पाण्याचा कॅन होता. मला असा संताप आला की दार उघडून खाली उतरले आणि म्हशीला घालतात तसं ते सगळं पाणी गाडीच्या नाकावर ओतलं. कारण काही नव्हतं. कोणाला तरी मारायचं होतं, आणि गाडीच हाताशी होती. परत आत बसले तर हवा गार!

"काय केलंस गं?" ह्यांनी विचारलं.

"आंघोळ घातली."

थोड्याच वेळात हवा पुन्हा तापली. पण एवढं कळलं, की आतलं यंत्र मेलेलं नाही. त्याला नुसतं तापायला होतंय. कोणी वारा घातला, पाणी घातलं, की ते कामाला लागतं. गाडी पळताना समोरून वारा मिळतो म्हणून गार. मग उभी असताना वारा घालायला तो पंखा आहे ना? दीर म्हणाले, आहे आणि फिरतोय. उतरून बघितलं. फिरत होता.

त्यानंतर दर खेपेला मी दोन कॅन भरून नेऊ लागले. फाटक पडलं की खाली उतरायचं, पदर खोचायचा आणि गाडीच्या तोंडावर पाणी मारायचं. समोरच्या घरातल्या बाईने एकदा रिक्षातून विचारलंच, "काय हो, गाडीला आंघोळी कसल्या घालता?"

"आमची गाडी सोवळ्यातली आहे," मी म्हणाले.

"आणि शाल नाही आणली आज?"

"धुवायला टाकलीये."

मी इतकी थकले होते त्या दिवसांत, की आता ती उत्तरं कुठून सुचायची याचंच नवल वाटतं. सकाळी ह्यांचं अंघोळपाणी, औषधं, शेडावरच्या कामगारांचा चहा, आणि न्यायचा दिवस असला की दुपारी फाटक, दवाखाना, पुन्हा फाटक. रात्रभर खोकला ऐकत अर्धवट झोप. पाय सुजायचे. फाटकावर पाणी ओतायला उभी राहिले की मात्र बरं वाटायचं, कारण तिथे पदर भुरुभुरु उडायचा. आजूबाजूला एक पान हलत नसायचं, सायकलवाले टोपीने वारा घेत असायचे, आणि माझा पदर तेवढा फाटकाकडे उडत असायचा. पाणी मारलं की त्याचे कोमट तुषारही माझ्याच तोंडावर यायचे. मला काय वाटायचं? मला वाटायचं, आपल्यापुरता वारा सुटला. देवाची कृपा म्हणून मी डोळे मिटून उभी राहायचे. असली हुशार बाई मी आयुष्यात दुसरी पाहिली नाही.

मग लूमची सुट्टी आली. आठवड्यातून एक दिवस त्या भागाची वीज बंद असायची, सगळी शेडं मुकी व्हायची. त्या दिवशी ह्यांना झोप लागायची नाही, आणि मी शेड झाडायचे. भिंतीत वरच्या बाजूला हवा बाहेर फेकणारा मोठा पंखा होता. स्टुलावर चढून त्याची जाळी साफ करणं माझं काम. आतल्या बाजूला जाळीवर रुईची ही एवढी दाढी वाढलेली असायची, बोटांनी ओढली की गोधडीसारखी सलग निघायची. बाहेरची बाजू मात्र लख्ख. हवा जिकडून आत ओढली जाते तिकडे दाढी, जिकडे फेकली जाते तिकडे काही नाही. लग्न होऊन आल्यापासून ती दाढी ओढत होते. नवागाममध्ये जे काही हवा ओढतं त्याला दाढी येते: पंख्याला येते, कूलरला येते, माणसाच्या छातीलाही येते.

स्टुलावर उभी होते, हातात ती गोधडी. आणि डोळ्यांपुढे आलं गाडीचं नाक.

आमच्या गाडीचं नाक गल्लीत प्रसिद्ध होतं. शेडाच्या दारात उभी असूनही जाळीवर रुईचा एक धागा नाही. मी रोज सकाळी ती जाळी फडक्याने पुसायचे आणि फडकं स्वच्छच्या स्वच्छ निघायचं. त्याचं श्रेय मी स्वतःला घेतलेलं होतं. बायकांना सांगायचे, "स्वच्छता ठेवली की राहते."

स्टुलावरून उतरले ती तशीच बाहेर गेले. दीर ओट्यावर सुपारी कातरत बसले होते.

"भाऊजी, गाडी चालू करा. एसी लावा."

"आज कुठं जायचं?"

"कुठंच नाही. उभीच ठेवा."

त्यांनी कपाळाला हात लावला, पण उठले. हे दारात येऊन चौकटीला टेकून उभे राहिले. गाडी चालू झाली, पंखा फिरू लागला. दीर खाली उतरून माझ्या शेजारी, जाळीसमोर उभे राहिले. "बघा. फिरतोय का नाही? किती वेळा दाखवू?"

मी हातातल्या रुईचा एक पुंजका तोडला आणि जाळीसमोर धरून सोडून दिला.

तो जाळीला चिकटायला हवा होता. तो उडाला, गिरकी घेतली आणि दिरांच्या मिशीवर जाऊन बसला.

दिरांनी मिशी झटकली. मी दुसरा पुंजका सोडला. तो त्यांच्या कपाळावर. तिसरा मी जरा मोठाच घेतला होता, तेवढं मनात होतंच.

"ऱ्हाऊ द्या, वहिनी," ते हळूच म्हणाले. मग स्वतः जाळीसमोर तळहात धरला. गरम हवा हातावर येत होती. बाहेर. पंखा आतल्या यंत्राला वारा घालत नव्हता. इंजिनाकडची गरम हवा त्या यंत्रातून ओढून बाहेर फेकत होता. गाडी पळायची तेव्हा समोरचा वारा त्याच्यापेक्षा जोरात असायचा, म्हणून निभायचं. फाटकावर वारा थांबला की याचं राज्य.

दारातून ह्यांचा आवाज आला. "उलटी जोडली का रे?"

दिरांनी वाकून पंख्याच्या तारा बघितल्या. इथे लूमवाल्यांचं एक सांगायला हवं. लूमच्या मोटरीला तीन तारा असतात. आमच्याकडे त्या कोणी नीट बघून जोडत नाही. हाताला येतील तशा जोडायच्या आणि बटण दाबायचं. लूम उलटं फिरलं तर कोणत्याही दोन तारांची अदलाबदल करायची. उलटं लूम पहिल्याच फेऱ्यात बोंब मारतं, त्यामुळे चूक लपत नाही. दिरांनी आयुष्यभर तसंच केलं होतं, ह्यांनीही, आणि दिरांना ते शिकवलंही ह्यांनीच. गाडीच्या पंख्याला दोनच तारा. त्याही त्यांनी तशाच लावल्या. आणि पंखा, तो काय, उलटाही तितक्याच आनंदाने फिरतो. बोंब मारत नाही.

"मी काय म्हणतो, भाऊ..." दिरांनी सुरुवात केली.

"फिरी ऱ्हायना ना!" हे म्हणाले, अगदी दिरांच्या त्या दिवसाच्या आवाजात, आणि हसायला लागले. किती महिन्यांनी हसले होते. चौकटीला धरून हसले, हसता हसता खोकला आला, शिट्टी वाजू लागली, मी पाण्याला धावले, दीर औषधाच्या पंपाला धावले, आणि पंप तोंडात असतानाही ह्यांचे खांदे हलतच होते. मला रडायला येत होतं आणि रागही येत होता. मी म्हटलं, "हसून मरा आता. एसीने तर वाचवलं."

दिरांनी तारा बदलल्या. पिठलं ढवळायलासुद्धा त्याहून जास्त वेळ लागतो. मी रुईचा पुंजका पुन्हा सोडला. तो जाळीला जाऊन घट्ट चिकटला.

पुढच्या दवाखान्याच्या दिवशी फाटक आमच्या तोंडावरच पडलं. मी सवयीने पदर खोचला आणि कॅन उचलला, तेव्हा हे म्हणाले, "बस ना जरा." बसले. मालगाडी आली, जाता जाईना. हवा गार ती गारच राहिली. बाहेर माणसं टोप्या काढून वारा घेत होती. शेजारच्या रिक्षात समोरच्या घरातली बाई होती. मी तिच्याकडे बघून हसले नाही. हसायचं त्राणच नव्हतं. सीटला डोकं टेकलं. ह्यांचा श्वास ऐकू येत होता. शिट्टी होती, पण लांबून येणाऱ्या गाडीसारखी. मग तीही मंद झाली. बघते तर मान माझ्या खांद्यावर टाकून झोपलेले.

फाटक उघडलं. मागचे ट्रक हॉर्न वाजवू लागले.

"वहिनी, उघडलं," दीर म्हणाले.

"दिसतंय मला. हळू घ्या."

त्या दिवशी हे स्वतःच्या पायांनी दवाखान्याच्या पायऱ्या चढले. डॉक्टरांनी छाती तपासली, गावाचं नाव काढलं नाही, आणि आम्हीही त्यांना आठवण करून दिली नाही. पुढे जेवढी वर्षं हे होते तेवढी नवागाममध्येच, लूमच्या आवाजात काढली. छाती बरी झाली नाही. ती होणारही नव्हती. माझेही पाय सुजायचे ते सुजतच राहिले. फाटकही तसंच पडत राहिलं.

एक काम तेवढं वाढलं. आता गाडीच्या नाकाला दाढी येऊ लागली. ती साचली की पुन्हा वारा अडणार, म्हणून सुट्टीच्या दिवशी शेडातल्या पंख्यानंतर मी गाडीची जाळी धरायचे. बोटांनी रुई ओढून काढायचे, गोळा करायचे आणि दारात खाटेवर बसलेल्या ह्यांना दाखवायचे.

"बघा. आज एवढी हिने घेतली."

हे त्या गोळ्याकडे बघायचे, दम घ्यायचे आणि विचारायचे, "माझ्यासाठी काही ठेवली का?"